दोन ट्रॅक्टरांची सावड

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर हात थांबवू नका, नुसतं कान इकडं ठेवा.

मागच्या महिन्यात आमच्या गटांच्या बैठकीत मोठा वाद झाला. अवजार बँक काढायची हे सगळ्यांनी मिळून ठरवलंय, कर्जाचे कागदही तयार आहेत. पण घ्यायचं काय? निम्म्या बायका म्हणतात, चारही चाकं ओढणारा मोठा ट्रॅक्टर घ्या, एकदाच घ्या आणि भारी घ्या. निम्म्या म्हणतात, आपल्या दोन-दोन एकरांच्या तुकड्यांत तो वळणार कुठं? लहान घ्या, पण दोन घ्या. तेवढ्यात मागं भिंतीला टेकून बसलेली आक्का म्हणाली, "दोन ल्हान घेतले तर एकाला एक जुंपता येत न्हाईत का गं, बैलावानी?"

सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. मग घरी येऊन आम्ही दोघी-तिघी ट्रॅक्टरांची माहिती शोधायला बसलो, आणि हसल्याची लाज वाटली. आक्काच्या डोक्यात आलं तेच साठहून जास्त वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एका शेतकऱ्याच्या डोक्यात आलं होतं. त्यानं ते करूनही दाखवलं. आज त्याचीच आणि त्याच्यासारख्या आणखी काही जणांची गोष्ट सांगतो.

आधी आपल्याकडची एक रीत आठवा. ज्याच्या दावणीला एकच बैल, तो काय करायचा? दुसऱ्या एक-बैलवाल्याला गाठायचा. एक बैल माझा, एक तुझा. आज तुझं रान, उद्या माझं. ही सावड. आणि काळ्या रानात हरळी-कुंदा माजला, खोल नांगरट करायची वेळ आली, की एका जोडीनं भागत नसे. तीन-तीन, चार-चार जोड्या एकापुढं एक जुंपाव्या लागत. एवढी जनावरं एका घरात नसत, म्हणून गाव गोळा व्हायचं. मोठी नांगरट म्हणजे आपल्याकडं कधीच एकट्याचं काम नव्हतं.

आता जाऊ या इंग्लंडात, एसेक्स परगण्यात. लंडनच्या पूर्वेला हा भाग आहे. तिथं नेव्हस्टॉक गावच्या बाजूला जॉर्ज प्रायर नावाचे शेतकरी होते. त्यांची जमीन चिकण मातीची. अशी माती म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पाऊस पडला की पाय रुततो, ऊन पडलं की कुदळ टणकन वाजते. या दोन्हींच्या मधे जे चार दिवस मिळतात, ज्याला आपण वाफसा म्हणतो, तेवढ्यातच सगळं उरकायचं. वाफसा चुकला तर नांगरट बिघडते, नांगरट बिघडली की पेरणी बिघडते. शेतकरी एसेक्सचा असो की आपल्या शिवारातला, वाफसा कुणासाठी थांबत नाही.

प्रायर यांच्याकडं फोर्डसन ट्रॅक्टर होते. तिथल्या डॅगनहॅमच्या कारखान्यात बनणारे हे ट्रॅक्टर इंग्लंडात घराघरांत ओळखीचे होते. एका ट्रॅक्टरची ताकद साधारण पन्नास अश्वशक्ती. आपल्याला ती भरपूर वाटेल, पण मोठ्या रानात, चिकण मातीत, वाफसा संपायच्या आत खोल नांगरायचं तर ती पुरत नव्हती. साखळीच्या पट्ट्यावर चालणारे ताकदवान ट्रॅक्टर मिळत, पण ते महाग, चालीला संथ, आणि एका रानातून दुसऱ्या रानात डांबरी रस्त्यानं न्यायचे म्हणजे डोक्याला ताप.

इथं थोडं थांबून एक गोष्ट समजून घेऊ, कारण आमच्या बैठकीतल्या वादाचं मूळही इथंच होतं. ट्रॅक्टरला नुसती इंजिनाची ताकद असून भागत नाही. ती ताकद जमिनीत उतरावी लागते. साध्या ट्रॅक्टरची मागची दोन मोठी चाकंच ओढतात, पुढची दोन लहान चाकं फक्त वळवतात. ओल्या रानात मागची चाकं जागच्या जागी फिरताना तुम्ही पाहिली असतील. इंजिन ओरडतंय, धूर निघतोय, आणि ट्रॅक्टर तिथंच. ताकद आहे, पण पकड नाही. म्हणून तर आपल्याकडं मागच्या टायरमधे पाणी भरतात. वजन वाढलं की पकड वाढते. पण वजन फार वाढवलं तर माती दबते, आणि पाठीमागं जड नांगर ओढताना पुढचं तोंड वर उचलायला लागतं. मग उपाय काय? चारही चाकांना ओढायला लावायचं. सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवरच येईल असं करायचं.

ही युक्ती काही नवी नव्हती. जर्मनीतल्या लान्झ कंपनीनं १९२३ सालीच चारही चाकं ओढणारा, कमरेत वाकणारा बुलडॉग ट्रॅक्टर काढला होता. इंजिन जेमतेम बारा अश्वशक्तीचं. १९३० साली मॅसी-हॅरिस या कॅनडाच्या कंपनीनं चार सारख्या चाकांचा ट्रॅक्टर बाजारात आणला, तोही चारी चाकांनी ओढणारा. पण दोन्ही फारसे खपले नाहीत. वळणारी पुढची चाकंच ओढायला लावायची, तर मोठी अडचण होती. जे चाक वळवायचं त्यालाच इंजिनाचा जोर पोचवायचा, म्हणजे सांध्यातून जोर जायला हवा आणि सांधा वळायलाही हवा. असे सांधे बनवणं खर्चाचं, आणि ते लवकर झिजायचे. त्यामुळं शेतकरी दोन चाकांवरच समाधान मानत राहिला.

दुसऱ्या महायुद्धानं एक वेगळंच दार उघडलं. युद्ध संपल्यावर लष्कराचे जुने ट्रक, त्यांचे आस, गिअर हे सगळं भंगारात आलं. लष्करी ट्रक चिखलातून जाण्यासाठीच केलेले, त्यामुळं त्यांची पुढची चाकंही ओढणारी होती. इंग्लंडातल्या रोडलेस नावाच्या कंपनीनं १९५६ च्या सुमारास असे अमेरिकी लष्करी ट्रकांचे पुढचे आस फोर्डसन ट्रॅक्टरला बसवून चारचाकी ओढीचे ट्रॅक्टर केले. काल ज्यावर तोफा आणि दारूगोळा चालला, त्यावर आज नांगर चालला.

प्रायर यांनी मात्र आक्कासारखा विचार केला. एका ट्रॅक्टरनं भागत नाही ना, मग दोन जुंपा. त्यांनी दोन फोर्डसन घेतले. दोघांचीही पुढची चाकं आणि पुढचा आस काढून टाकला. मग पुढच्या ट्रॅक्टरच्या पाठीला मागच्या ट्रॅक्टरचं तोंड जोडलं, आणि जोडाच्या ठिकाणी फिरता सांधा बसवला. आता राहिली फक्त चार मोठी चाकं, आणि चारही ओढणारी. मशिनचं सगळं वजन त्यांच्यावरच. वळायचं कसं? चाकं वळवायची गरजच उरली नाही. आपली ट्रॅक्टर-ट्रॉली पिनेवर वाकते ना, तसं ते मशिन मधोमध वाकायचं. वाकवायला तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे बसवले होते. ट्रॅक्टरचा मागचा नांगर उचलणारी ताकद असते तीच ही. पुढच्या चाकांचा अवघड सांधा प्रायर यांनी सोडवला नाही, त्याला वळसा घातला.

चालवणारा मागच्या ट्रॅक्टरवर बसायचा. सुरुवातीला मोठी पंचाईत व्हायची. पुढच्या ट्रॅक्टरचा गिअर बदलायचा तर खाली उतरून पुढं जावं लागे. आपल्या जुन्या नांगराला चार जोड्या असल्या की नुसतं मागं नांगराच्या मुठीवर राहून चालायचं नाही, पुढच्या जोडीसोबतही एखादं माणूस लागायचं, अगदी तसंच. आणि दोन्ही ट्रॅक्टर सारख्याच गिअरमधे हवेत. एक पहिल्यात आणि दुसरा तिसऱ्यात राहिला तर एक दुसऱ्याला ढकलणार नाही तर अडवणार, आणि सगळा ताण मधल्या सांध्यावर. बैलजोडीतला एक चलाख आणि एक मठ्ठ असला की जूं कसं वाकडं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

प्रायर यांचं हे मशिन नांगरायला लागलं आणि लोक बघायला लागले. ते गेले अर्नेस्ट डो आणि मंडळींकडं. हे ट्रॅक्टर विकणारे दुकानदार एसेक्समधल्याच अल्टिंग गावचे. ही मंडळीही मूळची कारखानदार नव्हती, १८९८ साली अल्टिंगमधल्या लोहाराच्या भात्यापासून त्यांची सुरुवात झालेली. त्यांनी प्रायर यांच्या मशिनमधे सुधारणा केल्या. पुढच्या ट्रॅक्टरचा ताबाही मागच्या बैठकीवरून घेता येईल अशी सोय केली, आणि १९५८ पासून ते विकायला काढलं. नाव पडलं डो ड्युअल ड्राइव्ह. तिन्ही शब्द ड पासून सुरू होतात म्हणून लोक त्याला ट्रिपल डी म्हणू लागले. दोन इंजिनं मिळून शंभर अश्वशक्ती भरायची. त्या काळी इंग्लंडात चाकांवरच्या ट्रॅक्टरमधे एवढी ताकद म्हणजे चैन होती. पुढं फोर्डचे नवे ट्रॅक्टर आले तेव्हा तेही असेच जोडले, आणि एकशेतीस अश्वशक्तीचा डो १३० निघाला. ट्रिपल डी तीनशेच्या वर बनले. आज जुनी मशिनं जपणारे लोक ते मोठ्या हौसेनं प्रदर्शनात मिरवतात.

इंग्लंडात हे चाललं होतं त्याच सुमारास, समुद्रापलीकडं अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या रेड लेक फॉल्स गावाजवळ डग्लस आणि मॉरिस स्टायगर हे भाऊ वडिलांबरोबर शेती करत होते. त्यांना हवा तेवढा मोठा ट्रॅक्टर परवडेल असा मिळेना. १९५७-५८ च्या हिवाळ्यात, बर्फामुळं शेतीची कामं बंद असताना, त्यांनी गाईंच्या गोठ्यात स्वतःच ट्रॅक्टर बांधला. मोठं डिझेल इंजिन, कमरेत वाकणारा सांगाडा, चारही चाकं ओढणारी, दोनशेच्या वर अश्वशक्ती. बांधला होता स्वतःच्या शेतापुरता. शेजाऱ्यांनी पाहिला आणि म्हणाले, आम्हालाही एक करून द्या. असा एकाचा एक करत गोठ्याचा कारखाना झाला. १९६९ साली तो फार्गो शहरात गेला. १९८६ साली केस कंपनीनं तो विकत घेतला, पण त्यांच्या मोठ्या ट्रॅक्टरांवर स्टायगर हे नाव आजही आहे. तो गोठ्यातला पहिला ट्रॅक्टर फार्गोजवळच्या संग्रहालयात ठेवलाय.

कॅनडातली गोष्टही अशीच. पीटर पाकोश नावाचे गृहस्थ मॅसी-हॅरिस कंपनीत नोकरीला होते. मशिनं आखणाऱ्या खात्यात त्यांना जायचं होतं, कंपनीनं घेतलं नाही. मग १९४५ साली त्यांनी टोरांटोत आपल्या घराच्या तळघरात धान्य वर चढवणारं यंत्र केलं, आणि मेहुणे रॉय रॉबिन्सन यांना सोबत घेऊन धंदा उभारला. तीच पुढं व्हर्सटाइल कंपनी झाली. १९६६ साली त्यांनी चारही चाकं ओढणारा मोठा ट्रॅक्टर दहा हजार कॅनडियन डॉलरच्या आत विकायला काढला. तोवर असा ट्रॅक्टर फक्त बड्या शेतकऱ्याचाच, असं लोक धरून चालत.

बड्या कंपन्या तेव्हा काय करत होत्या? त्यांनीही हात मारून पाहिला. जॉन डिअरनं १९५९ साली दोनशे पंधरा अश्वशक्तीचा ८०१० हा ट्रॅक्टर मोठ्या गाजावाजानं आणला. शंभरच बनले. गिअरची पेटी टिकेना. जवळजवळ सगळे ट्रॅक्टर परत बोलावून दुरुस्त करावे लागले. शिकलेले इंजिनिअर, मोठा कारखाना, आणि तरी पहिल्या झटक्यात जमलं नाही. कंपनीला नावं ठेवावीत म्हणून हे सांगत नाही. रानातला ताण कागदावर पुरता कळत नाही, आणि ज्याला त्या मातीत रोज उतरायचंय त्याला कुठं काय मोडेल याचा अंदाज आधी येतो, एवढंच.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाही तर गोष्ट अर्धी राहील.

ट्रिपल डी का थांबला? दोन इंजिनं म्हणजे तेल दोनदा, दुरुस्ती दोनदा, सुटे भाग दोनदा. एक बंद पडलं की दुसरं असून नसल्यासारखं. साठीचं दशक संपेपर्यंत एकाच इंजिनात तेवढी ताकद आणि चारी चाकांची ओढ असलेले ट्रॅक्टर मिळायला लागले. मग दोन जोडायची गरजच राहिली नाही. जुगाड हा अडचणीच्या दिवसांचा सोबती असतो. अडचण सरली की त्याला निरोप द्यावा लागतो.

स्टायगर आणि व्हर्सटाइल यांच्या मोठ्या ट्रॅक्टरांनी काम हलकं केलं, पण एका माणसाला शेकडो एकर उरकता यायला लागले तेव्हा शेजाऱ्याची जमीन घेणंही सोपं झालं. अमेरिकेत १९३५ साली ६८ लाखांच्या आसपास शेतं होती. १९७४ च्या गणनेत ती २३ लाखांवर आली. सगळा दोष ट्रॅक्टरला देता येणार नाही. बाजारभाव होता, कर्ज होतं, शहराची ओढ होती. पण मोठं मशिन आणि मोठं शेत हातात हात घालून चालत गेले, आणि मधल्या मधे लहान शेतकरी उठला. आपल्या महाराष्ट्रात सरासरी शेत दीड हेक्टरच्याही आत आहे. म्हणून हे आकडे आपण लक्षात ठेवायचे.

आणि एक गोष्ट राहिली. या सगळ्या इतिहासात बायका दिसत नाहीत. पण दुसऱ्या महायुद्धात, पुरुष लढाईवर गेले तेव्हा, इंग्लंडात महिलांची भूसेना उभी राहिली होती. ऐन जोरात असताना तिच्यात ऐंशी हजारांवर बायका होत्या. ट्रॅक्टरवर बसून त्यांनी रानं नांगरली. त्यातले कितीतरी ट्रॅक्टर हे फोर्डसनच. १९५० साली ती सेना बंद झाली. म्हणजे बाईला ट्रॅक्टर येतो की नाही, या प्रश्नाचं उत्तर जगाला ऐंशी वर्षांपूर्वीच मिळालंय.

आता आपल्या बैठकीकडं येतो. आमच्या एका गटातल्या एकट्या बाईचं रान गेल्या पावसाळ्यात पडून राहिलं. भाड्याचा ट्रॅक्टर आधी मोठ्या रानांवर गेला. तिचं रान दीड एकराचं, कोपऱ्यातलं, भाडं थोडं. तिची पाळी येईतो वाफसा गेला. ढेकळं दगडासारखी झाली, पेरणी लांबली, आणि सोयाबीन हाताला आलं ते निम्मंच. तिनं कुणाला दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, "पैसे माझ्याकडं होते गं, नंबर नव्हता." अवजार बँक आपण काढतोय ती या एका वाक्यासाठी.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे, की ट्रॅक्टर किती मोठा यावर भांडण्याआधी चार प्रश्न सोडवू. पहिला, आपल्या रानात अडतं कशावर, ताकदीवर की पकडीवर? पकडीवर अडत असेल तर लहान ट्रॅक्टरही चारी चाकांच्या ओढीचे मिळतात, त्यासाठी राक्षस घ्यायला नको. दुसरा, आपल्या बांधाच्या कोपऱ्यात तो वळतो का? दुकानात उभा असलेला बघून ठरवू नका, आपल्या रानात आणून वळवायला लावा. तिसरा, बिघडला तर दुरुस्ती किती कोसांवर? वाफशाच्या चार दिवसांत दोन दिवस मेकॅनिकची वाट बघण्यात गेले तर काय उपयोग? आणि चौथा, बैठकीवर कोण बसणार? चालवणारा बाहेरून भाड्यानं आणला तर नंबर पुन्हा त्याच्याच हातात जाईल. आपल्यातल्या दोघी-तिघींनी शिकायचं. ज्यांना शिकायचंय त्यांनी नावं द्या, आमचं नाव आम्ही आधीच लिहून ठेवलंय.

राहिला आक्काचा प्रश्न. आक्का, तू म्हणालीस तसे ट्रॅक्टर जुंपता येतात. लोकांनी जुंपले, आणि नांगरटही चांगली झाली. पण आपल्याला आता ट्रॅक्टर जुंपायची गरज नाही, माणसं जुंपायची आहेत. आणि प्रायर यांच्या मशिनमधे सगळ्यात जास्त ताण जिथं यायचा, तो मधला सांधा, तो आपल्या गटात म्हणजे नंबराची वही. ती उघडी ठेवायची, सगळ्यांना वाचता येईल अशी. कुणाचं रान कधी, ते त्या वहीत वाफशावरून ठरेल, रानाच्या आकारावरून ठरणार नाही.

बैठक येत्या बुधवारी, देवळाच्या ओसरीवर, जेवणं झाल्यावर. आक्काला पुढं बसवायचं आहे. येताना आपापल्या रानाचा गट नंबर आणि माती कशी आहे ते लिहून आणा. लिहिता येत नसेल तर पोराकडून लिहून घ्या, नाही तर मूठभर मातीच घेऊन या. तीही बोलते.

भेटू मैत्रिणींनो. नमस्कार.